स्टॉकमन घ्यावा की लॉकबॅक?

घडीचा अमेरिकी चाकू घ्यायचे ठरले की निवड बहुतेकदा दोन घाटांपाशी येऊन अडते: तीन पात्यांचा जुना स्टॉकमन, किंवा एकाच पात्याचा, उघडल्यावर पाठीच्या पट्टीत घट्ट अडकणारा लॉकबॅक. दोन्ही मी वापरले आहेत आणि दोन्हींपैकी एकही टाकाऊ नाही.

लॉकबॅक म्हटले की बक कंपनीचा ११० हा चाकू आठवतो. तो १९६४ च्या सुमारास आला. पाते अडकवण्याची युक्ती त्याआधीचीच होती; पण शिकार सोलताना पाते बोटांवर मिटू नये आणि अखंड चाकूइतका भरवसा वाटावा, अशा बेताने पावणेचार इंची पाते, पितळी टोके आणि लाकडी मूठ त्यात एकत्र आली. वजन भरले जवळपास २०० ग्रॅम, म्हणून तो खिशाऐवजी कमरेच्या चामडी म्यानात गेला.

स्टॉकमन त्याहून बराच जुना, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, गुराख्यांच्या कामासाठी घडलेला. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचा ६३१८ पाहावा: ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा घाटाचा क्रमांक. (हा हिशेब एकदा कळला की जुन्या चाकूंच्या याद्या वाचण्याचे व्यसन लागते.) मिटल्यावर तो बकच्या नुसत्या पात्याहूनही किंचित आखूड भरतो. त्यात टोकदार क्लिप, सरळ धारेचे शीपफूट आणि बोथट टोकाचे स्पे अशी पाती असतात; स्पे खोंडांच्या खच्चीकरणासाठी, आणि टोक बोथट अशासाठी की ते भलतीकडे घुसू नये. ज्या पात्याने गोठ्यातले ते काम केले, त्यानेच दुपारी सफरचंद चिरायला कोणी बसत नसावे.

माझा निर्णय नेमका इथेच झाला. माझा लॉकबॅक दुसऱ्याच एका कंपनीचा, पण घडण तीच. दिवाळीत घरून येणाऱ्या फराळाच्या खोक्याला चिकटपट्टीचे इतके थर असतात की ते कापून होईपर्यंत पात्यावर गोंदाची करडी साय धरते. खोबरेल तेल चोळून ती काढली, तरी त्याच पात्याने पेरू चिरताना फोडीला तेलाचा आणि गोंदाचा वास येतोच. पाते एकच असल्यामुळे याला उपाय नाही. स्टॉकमनमध्ये खोकी शीपफूटकडे आणि फळे क्लिपकडे, अशी वाटणी आपोआप होते; शिवाय शीपफूटला वर आलेले टोक नसल्याने आतल्या चकल्यांच्या पिशवीला सहसा भोक पडत नाही.

ज्यांना जोर लावून कापायचे असते किंवा रानात जायचे असते, त्यांनी लॉकबॅकच घ्यावा. स्टॉकमनचे पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर उभे राहते, हे नाकारता येत नाही. इतरांनी, मला वाटते, स्टॉकमनचा विचार आधी करावा. मात्र विकत घेण्यापूर्वी तिन्ही पाती स्वतः उघडून पाहावीत, कारण एखाद्या नगाची स्प्रिंग इतकी कडक निघते की खाचेत घातलेले नखच तुटते.