क्वांटम एस्प्रेसो: चार कोअरचा संगणक आणि मधेच जाणारी लाइट

मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्र विभागांत झिंक ऑक्साइडचे पातळ थर, फेराइटची पावडर, गॅस सेन्सर यांवर भरपूर काम होतं. एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना पाहणं) काढला जातो, यूव्ही (प्रकाश किती शोषला जातो ते पाहणं) काढला जातो, आणि मग परीक्षक विचारतात, “थिअरी काय सांगते?” त्या प्रश्नासाठी पैसे न मोजता मिळणारं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे क्वांटम एस्प्रेसो: पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित संगणकावर सोडवून त्याचे गुणधर्म काढणारं सॉफ्टवेअर. व्हॅस्पसारख्या सॉफ्टवेअरला परवाना विकत घ्यावा लागतो. इथे सोर्स कोडसकट सगळं खुलं आहे. लहान विभागाने ते जरूर वापरावं, मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवून: शेवटी ‘जॉब डन’ छापून आलं म्हणजे गणित संपलं, उत्तर बरोबर आलं असं नाही.

या पॅकेजचं माहेर इटलीतलं त्रिएस्ते. त्याची ओळख करून देणारा मुख्य पेपर २००९ चा, पण आतलं भौतिकशास्त्र त्याहून बरंच जुनं: होहेनबर्ग–कोन १९६४, कोन–शाम १९६५ (डेन्सिटी फंक्शनल थिअरीचे मूळ पेपर). शेकडो इलेक्ट्रॉनांचं एकत्र समीकरण सोडवणं अशक्य, म्हणून त्यांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची. इलेक्ट्रॉनांच्या लाटा प्लेन वेव्ह म्हणजे साध्या सपाट लाटांच्या बेरजेत मांडायच्या, एफएफटीने (जलद फूरिये रूपांतराने) खऱ्या अवकाशातून व्यस्त अवकाशात ये-जा करायची आणि पूर्ण मॅट्रिक्स कधीच न साठवता डेव्हिडसनच्या पद्धतीने फक्त खालच्या लागतील तेवढ्या ऊर्जा-पातळ्या काढायच्या. साध्या डेस्कटॉपवर हे चालतं ते या अल्गोरिदममुळेच.

उबुंटूवर पॅकेज मॅनेजरमधून एका ओळीत बसतं, पण आवृत्ती जुनी मिळू शकते. नवी हवी तर जीफॉरट्रान, ओपन एमपीआय, एफएफटीडब्ल्यू आणि लापॅक (हे कंपाइलर आणि लायब्ररी) टाकून सोर्सवरून कंपाइल करा. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) पुरतं. चालवताना एक चूक हमखास होते. चार एमपीआय प्रोसेस (काम वाटून घेणाऱ्या प्रोग्रामच्या प्रती) लावल्या आणि प्रत्येक प्रोसेसने आणखी चार थ्रेड उघडले, की सोळा कामं चार कोअरवर भांडत बसतात आणि वेग घसरतो. थ्रेडची संख्या १ ठेवा आणि प्रोसेस खऱ्या कोअरइतक्याच लावा. के-पॉइंट (व्यस्त अवकाशातले नमुना-बिंदू) बरेच असतील तर पूल (प्रोसेसचे गट) वापरा. प्रोसेसच्या संख्येला पूलच्या संख्येने नि:शेष भाग जायला हवा.

आता झिंक ऑक्साइडचं उदाहरण. वुर्टझाइट ही षट्कोनी रचना, सेलमध्ये (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्यात) ४ अणू, सेलची बाजू ए ३.२५ अँगस्ट्रॉम, उंची सी ५.२१ अँगस्ट्रॉम. इनपुटच्या सेलडीएममध्ये लांबी बोर या एककात द्यायची, म्हणजे ६.१४, अँगस्ट्रॉमचा आकडा तसाच टाकला तर अणू एकमेकांत घुसतात. खरा घोटाळा पुढे होतो. झिंकची जागा १/३, २/३, ० अशी आहे. बरेच जण ती ०.३३३, ०.६६७ लिहितात. चौथ्या दशांश स्थळावरची ही तूट प्रोग्रामला चालत नाही. तो सममिती कमी धरतो, के-पॉइंट वाढतात आणि तेच काम विनाकारण लांबतं. आउटपुटच्या सुरुवातीला सममितीच्या क्रियांची संख्या छापलेली असते. या रचनेला ती १२ दिसलीच पाहिजे. कमी दिसली तर तिथेच थांबा. निर्देशांकाच्या जागी सरळ १/३ लिहिलं तरी प्रोग्रामला कळतं, मग दशांश कशाला?

सूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या गाभ्याऐवजी वापरायच्या फायली) एसएसएसपी संग्रहातून घ्या. तिथे प्रत्येक मूलद्रव्यासाठी कटऑफची (किती ऊर्जेपर्यंतच्या प्लेन वेव्ह घ्यायच्या त्या मर्यादेची) शिफारसही दिलेली असते. झिंकच्या फाइलमध्ये ३डी इलेक्ट्रॉन आहेत ना, हे उघडून बघा. अल्ट्रासॉफ्ट प्रकारची फाइल असेल तर घनतेचा कटऑफ लाटांच्या कटऑफच्या ८ ते १२ पट द्यावा लागतो. काहीच न लिहिल्यास प्रोग्राम ४ पटच धरतो आणि तक्रार करत नाही.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. कटऑफ ३० पासून ८० रिडबर्गपर्यंत दहा-दहाने वाढवा आणि दर वेळी एकूण ऊर्जा लिहून ठेवा. दोन पायऱ्यांतला फरक दर अणूमागे १ मिली-रिडबर्गच्या खाली गेला की थांबा. दाबाचा आकडा ऊर्जेपेक्षा उशिरा स्थिरावतो, म्हणून सेलचा आकार काढायचा असेल तर आणखी वर जावं लागतं. कटऑफ दुप्पट केला की प्लेन वेव्हची संख्या सुमारे २.८ पट होते, हेही हिशेबात धरा. के-पॉइंटची जाळी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. अर्धवाहकाला थोडी शितं पुरतात; धातूला बरीच लागतात आणि सोबत स्मिअरिंगही (पातळ्यांमधली इलेक्ट्रॉनांची भरण थोडी पसरवणं). झिंक ऑक्साइडला ८×८×५ पासून सुरुवात करा. षट्कोनी जाळीला शिफ्ट देऊ नका, सममिती मोडते.

व्हीसी-रिलॅक्सचा (सेल आणि अणू दोन्ही हलवून स्थिर रचना शोधणाऱ्या गणनेचा) शेवट नीट वाचा. सेल बदलत असताना प्लेन वेव्हचा संच सुरुवातीच्या सेलचाच राहतो आणि अखेरीस नव्या सेलवर एक गणना पुन्हा होते. त्या शेवटच्या गणनेत दाब शून्याजवळ नसेल तर कटऑफ अपुरा आहे. मिळालेल्या रचनेवरून पुन्हा चालवा. पीबीई या फंक्शनलने (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी धरलेल्या अंदाजाने) ए-ची लांबी ३.२८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे एक्सआरडीपेक्षा साधारण टक्काभर जास्त. हा त्या फंक्शनलचा स्वभाव आहे, नमुन्यातला ताण म्हणून खपवू नका.

एससीएफ (घनता स्थिर होईपर्यंतच्या फेऱ्या) अडकलं तर अचूकतेच्या अंदाजाची ओळ पाहत राहा. आकडा घसरता घसरता पुन्हा चढू लागला, परत घसरला, परत चढला, तर घनता या टोकाकडून त्या टोकाकडे हिंदकळते आहे. पातळ थराच्या मॉडेलमध्ये असं बऱ्याचदा होतं. मिक्सिंग बीटा (नवी घनता जुनीत किती मिसळायची तो आकडा) मुळात ०.७ असतो, तो ०.२ किंवा ०.३ वर आणा. स्लॅबसाठी (पातळ थराच्या मॉडेलसाठी) ‘लोकल टीएफ’ मिक्सिंग लावून पाहा. नुसती पायऱ्यांची मर्यादा १०० वरून ५०० केल्याने हिंदकळणं थांबत नाही.

आता लाइटचा प्रश्न. आपल्याकडे याच मुद्द्यावर हे सॉफ्टवेअर टिकतं किंवा पडतं. ‘रीस्टार्ट’ हा पर्याय आहे, पण आधीचं काम नीट थांबलेलं असेल तरच तो चालतो. मशीन धाडकन बंद पडलं तर त्याचा उपयोग नाही. नीट थांबवायचे मार्ग दोन. एक, ‘मॅक्स सेकंड्स’ ही वेळमर्यादा: सहा तास लाइट नक्की असेल तर २१६०० ऐवजी २०००० द्या, फायली लिहायला सवड राहते. दुसरा, आउटपुटच्या फोल्डरमध्ये प्रीफिक्सच्या नावाची ‘एक्झिट’ फाइल तयार करणं. प्रोग्राम ती पाहून स्वतः थांबतो. पण तो मधल्या टप्प्यावर पोचल्यावरच ती पाहतो. मोठ्या सेलची एक फेरी वीस मिनिटांची आणि यूपीएस दहा मिनिटांचा असेल तर ती फाइल काही वाचवत नाही. म्हणून यूपीएसच्या भरवशावर न राहता वेळमर्यादा आधीच घाला. पुन्हा सुरू करताना प्रोसेसची संख्या तीच ठेवा. रिलॅक्सेशन अर्ध्यात तुटलं असेल तर आउटपुटमधले शेवटचे निर्देशांक उचलून नव्याने सुरू करा. आधीच्या पायऱ्या वाया जात नाहीत. फोनॉन (अणूंची कंपनं) एकेका क्यू-बिंदूचे वेगळे चालवता येतात, ही फार मोठी सोय आहे.

मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. एकाच कामाच्या फेऱ्या दुपारी लांबायला लागल्या तर आधी तापमान बघा, इनपुट नंतर. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका.

बँड गॅपबद्दल (भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधल्या ऊर्जेच्या फटीबद्दल) स्पष्टच लिहायला हवं. झिंक ऑक्साइडचा प्रयोगातला गॅप ३.३ ते ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पीबीईचा ०.७ ते ०.८. दोष क्वांटम एस्प्रेसोचा नाही, फंक्शनलचा आहे. झिंकच्या ३डी पातळ्या फार वर बसतात आणि ऑक्सिजनच्या २पी पातळ्यांना वर ढकलतात. एचएसई या महागड्या फंक्शनलनेही गॅप २.५ च्या आसपासच येतो. झिंक आणि ऑक्सिजनवर मोठा हबर्ड यू (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाची दुरुस्ती) लावून टाउक आलेखाचा (यूव्हीवरून काढलेल्या गॅपचा) आकडा बरोबर जुळवता येतो, पण तो जुळवलेला आकडा असतो. त्याला भाकीत म्हणून प्रबंधात छापू नये. पॅकेजमधल्या एचपी प्रोग्रामने यू मोजता येतो. तो मोजा, आणि मग गॅप जो येईल तो लिहा.

फेराइटवाल्यांना दोन सूचना. हबर्डची लिहिण्याची पद्धत ७.१ आवृत्तीपासून बदलली, आता त्याचं वेगळं कार्ड आहे. जुन्या इनपुट फायली नव्या आवृत्तीवर जशाच्या तशा चालत नाहीत. दुसरं, टेट्राहेड्रल आणि ऑक्टाहेड्रल (चार आणि सहा ऑक्सिजनच्या वेढ्यातलं) लोह वेगळ्या प्रजाती म्हणून लिहा आणि सुरुवातीचं चुंबकन विरुद्ध चिन्हांनी द्या. सगळ्यांना एकच चिन्ह दिलं तर गणना चुकीच्या फेरोमॅग्नेटिक अवस्थेत शांतपणे स्थिरावते. पूर्ण इन्व्हर्स (सगळा कोबाल्ट ऑक्टाहेड्रल जागी असलेल्या) कोबाल्ट फेराइटच्या १४ अणूंच्या सेलला एकूण चुंबकन ६ बोर मॅग्नेटॉन यायला हवं; दर सूत्रामागे ३ याप्रमाणे. ५६ अणूंचा पारंपरिक सेल घेण्याआधी हिशेब करा. अणू चौपट झाले तर काम सुमारे ६४ पट वाढतं, के-पॉइंट चौपट कमी केले तरी १६ पट उरतंच. तेवढं चार कोअरवर रेटण्यापेक्षा पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर वेळ मागावा, आणि अर्जासोबत १४ अणूंच्या सेलच्या कटऑफ आणि के-पॉइंटच्या चाचण्या जोडाव्यात.