उघड्यावरच्या रात्रींसाठी ताडपत्री की घोंगडी?

घर सुटल्यामुळे बेळगावात उघड्यावर झोपण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे आणि ज्याच्या खिशात एकाच वस्तूपुरते पैसे आहेत, त्याला बहुधा प्लास्टिकची ताडपत्री आणि धनगरी घोंगडी यांतून एकीची निवड करावी लागते. मी दोन्ही वापरल्या आहेत. निवारा केंद्रात जागा मिळत असेल तर ती आधी घ्यावी, हे उघडच आहे.

ताडपत्री हलकी आणि स्वस्त असते, आणि मृग लागल्यावर खानापूर-जांबोटीकडे जी संततधार सुरू होते तिच्यापुढे दुसरे काही टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिचा खरा उपयोग छप्पर म्हणून आहे. बाजारपेठेत दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्याने दोरी ताणली की त्याला उठवायला कोणीतरी येतेच, आणि मग ती अंगाभोवती गुंडाळून घ्यावी लागते. माझे तिच्याशी बिनसले ते इथेच. बाहेर थेंबही पडलेला नसताना श्वासातली आणि अंगाची वाफ थंड प्लास्टिकला लागून आतून पाणी सुटते, पहाटेपर्यंत सदरा, उशाची पिशवी आणि पिशवीतले कागद असे सारे दमट होते, आणि सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीची पहाट त्या ओलाव्यात काढणे कोरड्या थंडीपेक्षा कितीतरी जड जाते. तोंडाकडची बाजू मोकळी ठेवल्यास थोडा फरक पडतो, पण थोडाच. हवा खेळत नसल्यामुळे ताडपत्रीच्या आत शेगडी किंवा निखारे मुळीच ठेवू नयेत; कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

घोंगडीचे दोषही कमी नाहीत. ती महाग असते, टोचते, दिवसभर खांद्यावर वागवावी लागते, आणि आषाढात एकदा भिजली की वाळता वाळत नाही. तरीही दख्खनी मेंढीची लोकर ओली झाली तरी सगळी ऊब सोडत नाही, अंगाची वाफ बाहेर जाऊ देते, आणि चिंचोक्याची खळ दिलेली असल्यास रिमझिम बरीचशी वरच्या वर निथळते. अथणी-रायबागकडचे धनगर कळपाबरोबर शेतात मुक्काम करतात ते काही उगाच हिच्या भरवशावर नाही.

पावसाळा खानापूर तालुक्यात काढायचा असेल, तर ताडपत्री घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण डोक्यावर देवळाचा सभामंडप किंवा दुकानाचा पत्रा मिळत असेल, तर माझा कल घोंगडीकडेच राहील. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी खाली पुठ्ठ्याचे दोन-तीन थर किंवा कोरडे गोणपाट हवेच, कारण रात्री फरशी अंगातली ऊब वरच्या हवेपेक्षा अधिक वेगाने ओढून घेते. आधार कार्ड आणि रेशन कार्ड मात्र घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवावे, उशाखाली नव्हे.