छातीतलं पाणी: इंजेक्शनवर भागेल की नळी लागेल?

न्यूमोनियानंतर छातीत पाणी झालं की इंदुरातल्या मराठी घरांत एकच धोशा सुरू होतो: "डॉक्टरसाहेब, हवं तर अजून भारी इंजेक्शन द्या, पण काकांना नळी नको." (नळी म्हणजे पाणी बाहेर काढायला बरगड्यांमधून छातीत घालतात ती.) औषध पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून भारी हवं, असा त्यामागचा समज.

पोचतं. फुप्फुसावरचं आवरण सुजलं की पाझरू लागतं आणि रक्तातलं औषध पाण्यात उतरतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही प्रतिजैविकं (जंतू मारणारी औषधं) चांगली उतरतात, मेट्रोनिडाझोल तर फारच सहज. मागे पडतात ती जेंटामायसिन आणि अमिकासिन. एक तर आत कमी जातात, आणि जी जातात ती आंबट, प्राणवायू नसलेल्या पुवात लुळी पडतात. नळी टाळायला अमिकासिन जोडणं म्हणजे किडनीला उगाच ताप. लेव्होफ्लॉक्सासिन उतरतं छान, पण ते क्षयाच्या जंतूंनाही दाबतं आणि निदान लांबवतं. आपल्याकडे हा धोका लहान नाही. (पाणी क्षयाचंच निघालं तर गणित वेगळं: सहा महिन्यांच्या गोळ्या, नळी बहुधा नाहीच.)

खरा निर्णय होतो तो सुईनं काढलेल्या नमुन्यावर. सोनोग्राफीत थर 10 मिलिमीटरहून पातळ असेल तर सहसा सुईही लागत नाही, औषधावर भागतं. जास्त असेल तर पाणी काढून पीएच, म्हणजे पाणी किती आंबट आहे त्याचा आकडा, बघायचा (आकडा जितका खाली तितकं आंबट). 7.2 किंवा त्याखाली, किंवा सिरिंजमध्ये सरळ पू दिसला, तर नळी घालाच. हा पीएच ब्लड गॅसच्या मशीनवर (रक्तातले वायू आणि पीएच मोजतं ते) मोजून घ्या. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटाच वर जातो, भूल द्यायचं औषध मिसळलं तर खाली. नमुना कसा पाठवला, हे विचारायला लाजू नका.

दिवस दवडले की पाण्यात जाळी धरते, कप्पे पडतात, मग नळी एकाच कप्प्यातलं पाणी ओढते. अशा वेळी नळीतून टीपीए (जाळी विरघळवणारं) आणि डीएनेज (पू पातळ करणारं) ही औषधांची जोडी देतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही मिळून गुण आला, एकेकट्यानं नाही. तरीही भागलं नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. म्हणून माझा कौल: शंका असेल तर नळी लवकर.

आणि नळी निघाली म्हणून औषध थांबत नाही. एकूण 2 ते 6 आठवडे चालतं, पुढचे बरेच दिवस घरी, गोळ्यांवर.