रोजची गोळी, छाया, अंतरा की तांबी?

पाळणा लांबवायचा आहे, पण कायमचा थांबवायचा नाही, अशा जोडप्यापुढे निरोध वगळता चार सोयीचे पर्याय असतात : रोजची माला-एन गोळी, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी). सरकारी आरोग्यसेवेत हे चारही मोफत असून ऐरोलीत आमच्याकडे आशाताई गोळ्या घरीही आणून देतात; त्यामुळे पैशांपेक्षा आपल्या दिनक्रमाशी काय जुळते, हे पाहावे.

माला-एनमुळे माझी पाळी नियमित झाली आणि पोटदुखीही कमी झाली, हे आवर्जून सांगायला हवे. मात्र ती रोज ठरावीक वेळी घ्यावी लागते आणि महापे येथील माझ्या नोकरीत शिफ्ट सतत बदलते. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर डबा उघडला, की आता घ्यायची गोळी कालची की आजची, हे ठरवण्यासाठी पाकीट उजेडात धरून रिकामी घरे मोजावी लागत. सलग दोन गोळ्या राहिल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरणे आलेच. हा रोजचा हिशेब मला नकोसा झाला.

छायामध्ये हार्मोन नसतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यावी लागते. पाळी लांबली, की दिवस राहिले की काय, ही धाकधूक मात्र असते. अंतरामुळे तीन महिने निश्चिंती मिळते, पण अंगावरून अनियमित जाऊ शकते आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. दुसरे मूल लवकर हवे असलेल्यांना हा विलंब कदाचित परवडणार नाही.

मी अखेर तांबी बसवून घेतली. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढला आणि कळाही येत. ज्यांना आधीच जास्त जाते किंवा रक्त कमी आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे आणि ३७५ प्रकारची पाच वर्षे काम करते, काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात आणि घड्याळाशी तिचा काहीच संबंध नाही. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते, म्हणून गरोदरपणीच दवाखान्यात तसे सांगून ठेवणे बरे. लैंगिक संसर्गापासून मात्र यांपैकी एकही साधन संरक्षण देत नाही; तिथे निरोधच लागतो.