आरएमई एडीआय-२ डॅक, चौदा महिन्यांनंतर : बदलू की राहू दे?

घेतला तेव्हा घरी शब्द दिलेला की आता पाच वर्षं डॅकचं (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करून ॲम्प्लिफायरला देणारी पेटी) नाव काढणार नाही. चौदा महिने टिकला तो शब्द.

माझा पीस सेकंडहँड, जुना, एकेएम या जपानी कंपनीच्या चिपवाला. (२०२० च्या ऑक्टोबरात जपानमधे नोबेओकाला एकेएमची फॅक्टरी जळाली, मग आरएमईने ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप टाकली, आणि तेव्हापासून जुन्या पीसचा भाव लोक उगाच चढवून सांगतात.) रोज सगळ्यात जास्त काय वापरलं तर लाउडनेस. रात्री साडेदहानंतर आवाज खाली आणला की तबल्याचा डग्गा गायबच होतो, तर हा आवाज उतरेल तसा बेस-ट्रेबल आपोआप उचलतो. रिमोट सोबत येतो, हेही बरंय. मेनू मात्र डोक्याला ताप, पहिला महिना मी मॅन्युअल मांडीवर घेऊनच बसायचो.

तर गेल्या महिन्यात मित्राने त्याचा आर-टू-आर लॅडर डॅक (तयार चिपऐवजी रेझिस्टरांच्या शिडीवर चालणारा) तीन आठवडे वापरायला दिला, भलं मोठं धूड, शेल्फ रिकामं करावं लागलं. पहिल्याच संध्याकाळी मी गार. तानपुऱ्याची जवारी अशी काही ऐकू यायला लागली की आरएमई विकायची जाहिरात सुद्धा लिहून ठेवली. बायको आतून म्हणाली, "तो नवीन जरा मोठ्याने वाजतोय का रे?"

च्यायला. मल्टीमीटर काढला, स्पीकरच्या टर्मिनलला लावला आणि १०० हर्ट्झचा टोन सोडला (स्वस्तातले मीटर १ किलोहर्ट्झला काहीही दाखवतात म्हणून १००). आरएमई २.० व्होल्ट, पाहुणा २.३. म्हणजे १.२ डीबी (डेसिबल) जास्त! एवढा फरक कानाला 'मोठा' वाटतच नाही, 'छान' वाटतो, तिथेच माणूस फसतो. आरएमईचा व्हॉल्यूम अर्ध्या-अर्ध्या डीबीने वाढवत जवळपास जुळवलं आणि कुठला वाजतोय ते मला न सांगता अदलाबदल करायला बायकोला बसवलं. मी १२ पैकी ७ बरोबर ओळखले. नाणं उडवलं असतं तरी तेवढे आले असते.

फक्त पाहुण्याच्या एनओएस (नॉन-ओव्हरसँपलिंग) मोडमधे फरक नक्की कळत होता, पण त्यात जादू काही नाही, ओव्हरसँपलिंग (मधे जादा नमुने भरणं) बंद केलं की सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला वरच्या टोकाचे बारीक आवाज उतरतात, २० हजार हर्ट्झला साधारण ३ डीबी. मी आरएमईचा ट्रेबल एक डीबी खाली घेतला, बराचसा तोच मऊपणा आला.

खरी बोंब निघाली खोलीची. बारा फूट लांब खोली, खाली गुळगुळीत फरशी, मागची भिंत कोरी. मेजरमेंट माइक लावून आरईडब्ल्यू या खोली मोजायच्या सॉफ्टवेअरमधे बघितलं तर ४७ हर्ट्झच्या आसपास डोंगर उभा, त्या लांबीला तो येणारच म्हणा. आरएमईच्या पाच बँडच्या ईक्यूमधला (इक्वलायझर) एक बँड त्यावर लावला, ६ डीबी कट, आणि डग्गा पहिल्यांदा फुगलेला न वाटता घुमला. हा फरक मात्र आई स्वयंपाकघरातून ओळखते.

रविवारी मित्र त्याचं धूड घेऊन गेला. जाहिरात डिलीट केलीये, ट्रेबल एक डीबी खालीच ठेवलाय. आता सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यायचाय आणि त्याला घरातून अजून परवानगी मिळालेली नाही.