‘मार्केट रेट’ लिहिलंय? आधी वजन करून घ्या: कोकणात मासे खाताना होणारी फसवणूक

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मासे खायला जाणारा पर्यटक थाळीत सहसा फसत नाही. थाळीचा भाव लिहिलेला असतो. तुकडा लहान निघाला तर चिडचिड होते, पण खिसा वाचतो. खरा फटका बसतो तो मेनूकार्डावर आकड्याऐवजी ‘मार्केट रेट’ किंवा ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं तिथे. सुरमई, मोठं पापलेट, टायगर प्रॉन्स, शेवंड (लॉब्स्टर) यांच्यापुढे हमखास हेच असतं.

प्रकार असा घडतो. वेटर बर्फावर मांडलेल्या माशांचा ट्रे घेऊन टेबलाशी येतो. ‘‘ही सुरमई घ्या साहेब, आत्ताच जेटीवरून आलीय.’’ भाव विचारला की म्हणतो, ‘‘पंधराशे पडतील.’’ हे पंधराशे अख्ख्या माशाचे की किलोचे, हे त्या गडबडीत कोणी विचारत नाही. मासा आत जातो, वजनही आतच होतं. जेवण झाल्यावर बिलावर येतं ‘सुरमई 2.2 × 1500’, म्हणजे 3,300 रुपये, आणि खाली तळणावळ वेगळी. तोवर ताटात काटेच उरलेले, वजन पडताळणार कशाचं? भरल्या हॉटेलात मुलाबाळांसमोर वाद नको म्हणून माणूस पैसे देऊन उठतो, आणि अशा हॉटेलांची सगळी भिस्त त्याच्या या संकोचावर असते.

दुसरी चलाखी 100 ग्रॅमची. ‘शेवंड 220’ ऐकायला स्वस्त वाटतं, पण तो भाव 100 ग्रॅमचा असतो. 600 ग्रॅमची शेवंड 1,320 रुपयांना पडते, आणि तिच्या वजनात कवचाचा वाटा मोठा असतो.

म्हणून मासा आत जाण्याआधी ऑर्डरच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: तुमच्यासमोर काट्यावर झालेलं वजन, भाव किलोचा की 100 ग्रॅमचा, तळण्या-शिजवण्याचे पैसे त्यात धरलेत का, आणि एकूण रक्कम. सबंध माशाचं वजन आणि साफ केलेल्या माशाचं वजन यांत बराच फरक पडतो, तेही आधीच स्पष्ट करा. काटा रिकामा असताना शून्य दाखवतोय ना, हे बघा. ट्रेसकट, बर्फासकट वजन करू देऊ नका. चिंबोऱ्या (खेकडे) बांधलेली जाड ओली सुतळीही चिंबोरीच्याच भावाने विकली जाते. काट्याची शंका आली तर पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली त्यावर ठेवा. ती एक किलोहून थोडीशीच जास्त भरली पाहिजे. मासा आत जाताना किती तुकडे पडतील ते विचारा आणि डोकं-शेपूट ताटात आणायला सांगा. नाहीतर ट्रेमधला ताजा मासा फक्त दाखवायचा राहतो आणि तळून येतो तो आतला शिळा.

माशांची अदलाबदल ओळखायला थोडी नजर लागते. रव्यात घोळून कुरकुरीत तळलं की बरंच काही झाकलं जातं. 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालेल्या पापलेटच्या नावाखाली तळ्यात वाढवलेला रूपचंद खपवला जातो. पापलेटला पोटाखालच्या परांची जोडी नसते, रूपचंदला असते. खाताना तर लगेच कळतं: पापलेटला मधला काटा काढला की मांस मोकळं होतं, रूपचंदच्या मांसात बारीक काटे विखुरलेले असतात. ‘रावस टिक्का’, ‘फिश फिंगर’ अशा बिनकाट्याच्या पदार्थांत बासा हा स्वस्त मासा असण्याची शक्यता धरूनच चाला. तो पांढराफटक, पाणचट आणि जवळजवळ बिनवासाचा असतो. बासा खायला हरकत काहीच नाही, पण रावसाच्या भावाने नाही.

शिळी सुरमई, बांगडा किंवा कुपा (ट्यूना) पैशांच्या पलीकडचं नुकसान करतात. नीट बर्फात न ठेवलेल्या या माशांत हिस्टामाइन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. घास तिखट-चुणचुणीत लागला, तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज सुटली तर लगेच खाणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात तर ‘आजचीच ताजी सुरमई’ हे वाक्यच संशयाचं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जूनची, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा बर्फातून इकडे येतो. बाकी माल शीतगृहातला. तो मासा वाईटच असतो असं नाही, पण ताज्याचा भाव त्याला का द्यायचा? त्या दिवसांत खाडीतल्या चिंबोऱ्या, शिंगाळी, चढणीचे (पावसात ओढ्या-नद्यांत वर चढणारे) मासे विचारा. ‘‘आज सुरमई नाही, बांगडा आहे’’ असं सरळ सांगणारी, फळ्यावर खडूने भाव लिहिणारी घरगुती खानावळ केव्हाही जास्त भरवशाची. तिथे सकाळी फोन करून किती माणसं येणार ते सांगून ठेवावं लागतं, एवढंच.

अशा खानावळीपर्यंत तुम्ही पोचू नये म्हणून झटणारेही असतात. गाडीचा ड्रायव्हर, बोटवाला किंवा स्कुबाचा एजंट ‘तिथे जेवण चांगलं नाही’ म्हणत एकाच हॉटेलचा आग्रह धरत असेल, तर त्याचं जेवण आणि कमिशन तुमच्याच बिलातून निघणार, असं समजा.

हर्णै बंदरावरच्या माशांच्या लिलावात किंवा मालवणच्या बाजारात मासे घेऊन जवळच्या हॉटेलात शिजवायला देणार असाल, तर शिजवणावळ किलोवर की डिशवर ते आधी ठरवा. मासे स्वच्छ करून, तुकडे मोजून, फोटो काढून द्या. पिशवी तशीच दिली की दोन-चार तुकडे हमखास कमी येतात.

बिल छापील घ्या. त्यावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांक, असायला हवा. जीएसटी लावला असेल तर 15 अक्षरी क्रमांकही हवा, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर लगेच तपासता येतो. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) हॉटेलला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका: बसून खाण्याच्या जागी छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मुभा दिली आहे.

लिहून घेतलेल्या रकमेपेक्षा बिल जास्त आलं तर ऑर्डरचा कागद आणि बिल शेजारी ठेवून फोटो काढा, पैसे यूपीआयने द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. वजनाचीच तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे द्या. काट्यांची पडताळणी आणि त्यावरचा शिक्का हे त्यांचंच काम आहे.