जुन्या ग्रुप फोटोतले अनोळखी नातेवाईक: स्कॅनर आणि चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यानंतर

घरात पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना ग्रुप फोटो आहे आणि त्यातली निम्मी माणसं कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही, अशांसाठी हे लिहितेय. गेले काही महिने मी फ्लॅटबेड स्कॅनर आणि चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर ही जोडी या एकाच कामासाठी वापरतेय. आमच्या फोटोत चार रांगा आहेत. सुरुवातीला त्यातले खुर्चीवर बसलेले पणजोबा-पणजी आणि त्यांच्यामागे उभे असलेले आजोबा एवढेच माहीत होते. आता बहुतेकांची नावं लागली आहेत. पण ती ज्या वाटेने लागली ती मला आधी वाटली होती त्यापेक्षा बरीच वेगळी निघाली, म्हणून सविस्तर सांगते.

आधी स्कॅनर, कारण सगळा पाया तोच आहे. फ्लॅटबेडमध्ये दोन प्रकारचे सेन्सर येतात, सीसीडी आणि सीआयएस. सीआयएस स्कॅनर बारीक आणि हलके असतात, पण काचेपासून जरा वर राहिलेली वस्तू त्यांना धूसर दिसते. जुने फोटो पुठ्ठ्यासकट बाक येऊन वाकलेले असतात, त्यामुळे कडेची माणसं पुसट येतात. सीसीडीला ही अडचण फारशी येत नाही. अशा फोटोंसाठी मी डोळे झाकून सीसीडी घ्या म्हणेन.

किती डीपीआयवर (म्हणजे एका इंचात किती ठिपके) स्कॅन करायचं? ग्रुप फोटोत एकेक चेहरा जेमतेम ६ मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयला तो सुमारे ७० पिक्सेल रुंद येतो, ६०० ला १४० आणि १२०० ला २८०. चेहरे जुळवणाऱ्या प्रणाली साधारण ११२ ते १६० पिक्सेलच्या चौकोनावर काम करतात, म्हणजे ३०० डीपीआय कमीच पडतो. काचेच्या मोठ्या निगेटिव्हवरून थेट काढलेल्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये तपशील खच्चून भरलेला असतो, तिथे १२०० चं चीज होतं. नंतरच्या लहान एन्लार्जमेंटमध्ये ६०० च्या पुढे फक्त कागदाचं दाणेदारपण मोठं होतं.

आणि काळापांढरा फोटो असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळट पडून फिकट झालेली प्रतिमा निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे रंगीत स्कॅनचा फक्त निळा भाग वेगळा काढून पाहिला की, जास्त ठळक दिसते. मागच्या रांगेतल्या एका बाईंचा चेहरा आम्हाला पहिल्यांदा नीट दिसला तो असाच. दुसरं, फोटो पालथा करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहा. पेन्सिलीचं शिसं पुसलं गेलं तरी दाबाचे वळ कागदावर राहतात. आमच्या पुठ्ठ्याच्या मागे 'धाकटी वहिनी' एवढे दोन शब्द असेच सापडले, आणि त्यांच्यावरून लिहिणारी व्यक्ती तिचा दीर किंवा नणंद असणार हेही कळलं.

आता सॉफ्टवेअर. मी डिजिकॅम वापरते. ते मोफत आणि मुक्त आहे, आपल्याच संगणकावर चालतं, फोटो कुठे अपलोड होत नाहीत. नातेवाइकांनी विश्वासाने दिलेले फोटो हाताळायचे तर मला हे फार महत्त्वाचं वाटतं. काम सोपं आहे: सॉफ्टवेअर चेहरे शोधून चौकटी टाकतं, तुम्ही ओळखीच्यांना नावं देता, मग इतर फोटोंत 'हा तोच असावा' असं सुचवतं आणि तुम्ही हो किंवा नाही म्हणता.

या तंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायला हव्यात. प्रत्येक चेहऱ्याचं आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर होतं आणि दोन रांगा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते मोजलं जातं. विशीतला माणूस आणि तिशीतला तोच माणूस बहुतेक वेळा जुळतो. सात वर्षांचा मुलगा आणि त्याचं म्हातारपण जुळवताना भरवसा नाही. भावाभावांमध्ये, मायलेकींमध्ये तर घोळ होणारच, कारण घराण्याचा तोंडवळा एकच. आमच्याकडे एका तरुणासाठी दोन सख्खे चुलत आजोबा सुचवले जायचे, आलटून पालटून. नातेवाइकांच्या फोटोंत नेमकी हीच गोष्ट पदोपदी आडवी येते. म्हणून सॉफ्टवेअरची सूचना मी उमेदवारांची यादी म्हणून घेते, निकाल म्हणून नाही.

त्या दोघांचा निवाडा कानाने केला. कानाच्या पाळीची लांबी वयानुसार वाढते, पण आतल्या वळ्या आणि पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, हे मोठेपणी फारसं बदलत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच पोलिसांतल्या आल्फोन्स बर्तियाँने गुन्हेगारांची ओळख नोंदवताना कानाला महत्त्व दिलं ते याच कारणाने. आमच्या तरुणाची पाळी चिकटलेली होती, दोन भावांपैकी एकाचीच तशी होती. मात्र अशी तुलना करण्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना हे बघा. शर्टाचा खिसा उजवीकडे, भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला, असं दिसलं की शंका घ्यायची.

'काका तर गोरेपान होते, हा काळासावळा दिसतो' हा वाद प्रत्येक घरात होतो. त्यावर एक उत्तर आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लालसर त्वचा त्यांत गडद उमटते, निळ्या वस्तू फिकट. तेव्हा वर्णावरून कुणाला यादीतून काढू नका.

चेहरा 'सुधारून' देणाऱ्या एआय सेवांबद्दल माझं मत कडक आहे: ओळख पटवण्याच्या कामात त्यांना हात लावू नका. धूसर चेहऱ्यात नसलेली माहिती परत येत नाही. असंख्य इतर चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे, पापण्या, दात तिथे भरले जातात. समोर येतो एक देखणा, स्वच्छ, तिऱ्हाईत माणूस. आमच्याकडे हलल्यामुळे पुसट आलेल्या मुलाचा असा 'सुधारित' चेहरा कुटुंबाच्या ग्रुपवर फिरला आणि तो पाहून नावं ठामपणे सुचवली जाऊ लागली. ती सगळी उत्तरं बाजूला ठेवावी लागली.

सगळ्यात जास्त माणसं कशाने सुटली असतील तर साल ठरवल्याने. पणजीच्या मांडीवरची मुलगी म्हणजे मोठी आत्या, हे नक्की होतं. तिचा जन्म १९३१ चा आणि फोटोत ती वर्ष-सव्वा वर्षाची दिसते. पणजोबा गेले १९३३ च्या सुरुवातीला. म्हणजे फोटो १९३२ च्या आसपासचा. एकदा हे हाती आलं की वंशावळ पुढे ठेवून भराभर गाळणी होते: दहा-बारा वर्षांचा मुलगा १९२० ते १९२२ दरम्यान जन्मलेलाच हवा, तेव्हा लग्न न झालेल्या सुना फोटोत नसणार, आधीच वारलेले नसणार. चार चुलत भावांतून एकच उरतो.

पार्श्वभूमीही बोलते. दुसऱ्या शाखेकडून आलेल्या एका जोडप्याच्या फोटोत मागे तोच रंगवलेला पडदा होता. नुसता पडदा पुरेसा नाही, स्टुडिओवाले एकच पडदा वर्षानुवर्षं वापरत. पण रंगवलेल्या खांबाच्या उजवीकडे कापडाला पडलेली तिरकी चुणी दोन्हीकडे जशीच्या तशी होती, आणि त्या बाईंच्या अंगावरचे कपडेही तेच. त्या जोडप्याची नावं त्या शाखेला माहीत होती. ग्रुपमधली दोन माणसं एका झटक्यात सुटली.

शेवटी माणसांना विचारणं, आणि तिथे पद्धत पाळायलाच हवी. फोनवर झूम करून एकटा चेहरा दाखवू नका. ए-थ्री आकारात प्रिंट काढा, सोबत प्रत्येकाच्या बाह्यरेषेत आकडा घातलेला नकाशा द्या. 'हे अमुक आहेत ना?' असं कधीही विचारू नका, समोरचा माणूस हो म्हणून मोकळा होतो. 'सात नंबर कोण?' एवढंच विचारा, प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, आणि आधीच्यांची उत्तरं दाखवू नका. आमच्या एका वयस्कर मावशींना चेहरे नीट दिसत नाहीत. त्यांनी प्रिंट हातभर लांब धरली आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा एक खांदा पाडून उभा राहतो, हे आमचे तात्या." नंतर तात्यांचे तरुणपणीचे दोन फोटो मिळाले. दोन्हींत तोच खांदा पडलेला. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, कारण ते फक्त चेहरा बघतं.

नोंद ठेवताना प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा लिहिते: नक्की, बहुधा, किंवा अंदाज. सोबत कुणी सांगितलं आणि कशावरून. डिजिकॅममधून नावं फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच लपलेल्या माहितीत, लिहिता येतात, पण चॅट ॲपवरून फोटो पाठवला की मेटाडेटा बहुतेकदा गळून पडतो. म्हणून मी फोटोखाली पांढरी पट्टी जोडून त्यावर नकाशा आणि नावं छापलेली एक वेगळी प्रत केली आहे, वाटायला तीच देते. मूळ फोटोवर बॉलपेन लावायचं नाही. मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता.

ज्यांच्याकडे तुलनेला दुसरे फोटोच नाहीत त्यांना चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा फारसा उपयोग नाही, त्यांनी वेळ स्कॅन, साल आणि विचारपूस यांवर घालवावा. दोन-तीन शाखांचे आल्बम एकत्र करता येत असतील तर मात्र जरूर बसवा, कारण शेकडो फोटोंतून एकच चेहरा शोधण्याचं किचकट काम ते खरोखर हलकं करतं. आमच्या फोटोत अजून तिघं 'अनोळखी' आहेत. त्यांच्या चौकटींना मी नाव न देता फक्त रांग आणि आकडा दिला आहे. नवीन आल्बम हाती आला की आधी त्या तिघांसाठी शोध चालवते.